लिंबू धरणारी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मर्दानी खेळाची परंपरा' असं छापलंय. आमच्या घरी त्याला नुसतं 'खेळ' म्हणायचे. माझं माहेर कोल्हापूर. आजोबा वस्ताद. वडील, काका, आत्या, सगळेच खेळणारे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगी वाजायला लागली की रस्त्यावर 1659 चा प्रतापगड उभा राहायचा. आप्पा जिवा महाला, काका कायम सय्यद बंडा. काकांचा हात दरवर्षी तुटायचा! शाळेत पोरं चिडवतात म्हणून चुलतभाऊ एकदा रडत आला. आजोबा म्हणाले, "बंडा नीट चालून आला न्हाई, तर जिवा करणार काय?"

आप्पांच्या हातात दांडपट्टा असे. 2024 मध्ये शासनाने त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी तो मोबाईलवर पाहिला असेल. त्याची मूठ तलवारीसारखी नसते. हात लोखंडी खोबळ्यात जातो, आत आडवी मूठ धरायची. मनगट वळत नाही, वार खांद्यातून काढावा लागतो. पातं लांब, लवचीक, दुधारी. एकदा सुटलेला वार मध्येच आवरणं फार कठीण.

मिरवणुकीच्या शेवटी लिंबू. मी तळहातावर लिंबू घेऊन उभी राहायची, आप्पा गिरकी घेऊन त्याच्या दोन फोडी करायचे. हाताला फक्त वारा लागायचा. लोक टाळ्या आप्पांना वाजवत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं की निम्मा खेळ लिंबू धरणाऱ्याचा असतो.

आठवीत असताना माझा हात हलला. गर्दीत मैत्रीण दिसली, एवढंच. अंगठ्याखाली ही खूण आहे बघा, तीन टाके पडले होते. दवाखान्यात आप्पा सगळ्यांना एकच सांगत होते, "माझाच हात चुकला." मी गप्प बसले. घरी येऊन त्यांनी पट्टा खुंटीला लावला तो लावलाच. पुढच्या वर्षी जिवा महाला दुसराच कुणी झाला, आप्पा कडेला उभे राहून हलगी ऐकत होते. लोक म्हणाले, वय झालं. वय कसलं, चाळिशीच तर होती! आप्पा गेले तरी मी त्यांना खरं सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच बोलतेय.

फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुकला शंभूराजांच्या समाधीवर जाऊन आलेली आपली मुलं माझ्याकडे आली. "काकू, आम्हाला पट्टा शिकवा, आणि लिंबू पण." लाठीला मी हो म्हटलं, लिंबाला नाही. मुलं रुसली. काही पालकही म्हणाले, तेवढीच कार्यक्रमाला रंगत आली असती. नकाराचं कारण आता तुम्हाला कळलं.

लाठी मात्र शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, पार्किंगमध्ये. गाड्या काढून ठेवा. (हा विषय आपल्या सर्वसाधारण सभेत पंचवीस वर्षांत सुटलेला नाही, पण एक तास जमवू.) मुलींनी यायचंच. चपला बाहेर.