यंदा कोणत्या गाण्याला जावे?

श्रोतेहो, वर्षातून एखादीच मैफल ज्याला जमते, त्याची अडचण शहरातल्या रसिकाला सांगून कळायची नाही. शाळेची रजा, रानातले काम, तिकीट, मुक्काम, परतीची एस.टी., एवढा हिशेब एका रात्रीसाठी घालावा लागतो. गाणे मनाला लागले नाही, तर पुढल्या वर्षापर्यंत थांबणे आले. तेव्हा निवड करावी कशी? मी यंदा कशी केली, तेच सांगतो.

गेला महिनाभर रोज रात्री मी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकत होतो. पूर्वी त्यासाठी ग्रामोफोनवाला गाठावा लागे; आता मोबाइलवर चुटकीसरशी लागतात. तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटे. पण गाण्यात घाई म्हणून नाही! शब्द मागे राहतात, सूर पुढे येतो, आणि त्या सुराच्या पाठीशी तंबोरा. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून भीमसेन जोशी लहानपणी वेडावले, आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाण्यासाठी गदगचे घर सोडून निघाले. मग मी खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व ऐकले, खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर ऐकल्या, शेवटी सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन. एकाच घरची ही माणसे, पण प्रत्येकाचा आवाज आपापला.

आता जायचे कुठे? समोर दोन ठिकाणे होती. एक पुण्याचा डिसेंबरातला महोत्सव. सवाई गंधर्व १९५२ साली वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनांनी १९५३ पासून तो सुरू केला. दुसरे मिरजेचे. खाँसाहेब १९३७ साली मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर वारले. त्यांचे दफन मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

पुण्याला नाव मोठे, गर्दीही मोठी. कुणी जाणार असेल तर एक सुचवतो. पत्रिकेत गवयाचे नाव पाहता, तशी त्याची वेळही पाहा. उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देते. त्यामुळे पूर्वीसारखी रात्रभर मैफल तिथे चालत नाही, आणि उत्तररात्रीचे राग तिथे कानी पडणे कठीण. उलट दुपारच्या सत्रात मुलतानी, भीमपलास, पुढे मारवा, हे ऐन आपल्या वेळेला ऐकायला मिळतात. लोक मात्र शेवटच्या बड्या नावासाठी थांबतात, आणि चार वाजता मन लावून गाणाऱ्या तरुणापुढे बसून भजी खातात! मला हे काही पटत नाही.

मी मात्र मिरज धरली. कारण सांगतो. महिनाभर कान ज्याला लावला, तो सूर आणि तंबोरा. हजारोंच्या मंडपात गवयाचा आवाज कर्ण्यातून पोचतो, पण तंबोऱ्याची आस हरवते. दर्ग्यात तिकीट नाही. कलावंत खाँसाहेबांपुढे हजेरी लावायला येतात, आणि श्रोत्याला जवळ बसता येते. शिवाय तंबोरे घडतात ते याच गावात. त्याचा भोपळा पिकतो पंढरपूरच्या बाजूला, शेतकऱ्याच्या रानात. तो वाळवून, कापून, त्यावर दांडी बसवून, तारा चढवून कारागीर जवारी काढतो. घोडीचा माथा बारीक घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, आणि तार गुंजू लागेपर्यंत ऐकत राहायचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

म्हणून शिक्षकबंधूंनो, जमले तर चार मुले बरोबर न्या. दुपारीच पोचा, आधी सतारमेकरांच्या गल्लीत जा, आणि विनंती करून जवारी काढताना मुलांना ऐकवा. मग रात्री गाण्याला बसल्यावर मागचे तंबोरे त्यांना आपोआप ऐकू येतील. उरुसाची तारीख चांद्र महिन्याप्रमाणे दरवर्षी मागे सरकते. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. मिरज जंक्शन आहे. रात्री एस.टी. चुकली, तरी पुण्याकडे किंवा बेळगावकडे जाणारी गाडी मिळते.