पाण्यावरचं झाकण

आज हिवाळ्यातल्या मासळीबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे थंडीची लाट आली की पारा दहाच्या खाली जातो आणि आपण शेकोटी सोडत नाही. पण फिनलंड, रशिया, कॅनडा अशा देशांत थंडीत तळ्याचं पाणी वरून दगडासारखं गोठतं. माणसं त्यावरून चालत जातात, बर्फाला गोल भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून मासे धरतात. काही जण भोकावर छोटी खोली उभी करतात, आत पूर्ण अंधार करतात. बर्फातून झिरपलेल्या उजेडानं खालचं पाणी उजळलेलं असतं, त्यामुळे अंधारात बसलेल्या माणसाला मासा जाताना स्पष्ट दिसतो. तासन्‌तास नुसतं बघत बसायचं. आपल्या ढिवर काकाजींना हे काम सहज जमेल, फक्त स्वेटर दोन लागतील!

आता कोणी विचारेल, पाणी गोठलं तर मासे जगतात कसे? पाणी चार अंशावर सगळ्यात जड असतं. ते तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि वरचं तेवढं गोठतं. बर्फ हलका, म्हणून तो तरंगतो. खाली मासा हालचाल कमी करून, थोडं खाऊन हिवाळा काढतो.

पण एक धोका असतो, आणि त्यासाठीच मी हे दूरचं सांगते आहे. बर्फावर हिमाचा जाड थर पडला की उजेड खाली जात नाही. उजेड नाही तर पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत. वरची हवाही आत येत नाही. तळं उथळ असेल तर हिवाळा सरता सरता मासे गुदमरून मरतात.

आपल्या तलावावर बर्फ कधीच पडत नाही. झाकण मात्र पडतं. जलपर्णी आठवा, ती फुगीर देठाची. एकदा बोडीभर पसरली की खालच्या पाण्याला ऊन दिसत नाही. काठानं बेशरम माजते. त्यांच्या देशातलं झाकण उन्हाळ्यात वितळतं, आपलं बारा महिने तसंच राहतं.

आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं पाळी बांधल्या, तुडूम बसवले, धानाला पाणी दिलं. ढिवर समाजाचं पोट त्याच पाण्यावर. इकडे शिवनीबांध, तिकडे गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध, आणि मधे गावोगावच्या बोड्या. हिवाळ्यात गढूळपणा खाली बसतो, पाणी निवळतं. डोंग्यातून खाली बघायला हेच दिवस चांगले.

काय बघायचं? रात्रीच्या गारव्यात मासा खोल पाण्यात जातो, ऊन चढलं की उथळ काठाकडे येतो. म्हणून अनुभवी माणूस पहाटे काठाजवळ जाळं टाकत बसत नाही. रोहू, कटला, मृगळ थंडीत कमी खातात. पाळलेल्या मासळीला उन्हाळ्याइतकंच खाद्य टाकलं तर ते तळाशी कुजतं, पैसेही बुडतात आणि पाणीही बिघडतं. खाद्य ऊन पडल्यावर द्यावं, थोडंच द्यावं.

पहाट मात्र बघण्यासाठी सोडू नका. रात्रभर वनस्पती आणि मासे प्राणवायू वापरतात, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. मरळ, शिंगी, मांगूर वरची हवा घेतात. ते एकेकटे येऊन बुडबुडा सोडून खाली जातात, त्यात काळजीचं काही नाही. पण कटला-रोहू झुंडीनं वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर तलाव गुदमरतो आहे. त्या दिवशी खाद्य आणि शेण बंद. मोटारीनं पाणी उडवून आत सोडा. अंगावर लाल जखमा दिसल्या तर मत्स्य विभागात दाखवा. थंडीत हा आजार मरळीला लवकर लागतो. चुना किती टाकायचा ते त्यांना विचारूनच टाका.

झाकण काढायचं कसं? जलपर्णी हातानं ओढून पाण्याबाहेर काढायची. तिथंच कापून सोडली तर ती कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. बेशरम नुसती तोडून उपयोग नाही, खोडाच्या तुकड्यालाही पुन्हा फुटवे येतात. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मुळासकट उपटावी लागते. मात्र कमळ आणि पाण्याखालचं गवत सरसकट काढू नका. गावठी मासळी तिथं अंडी घालते, पिल्लं तिथंच लपतात. रोहू-कटल्याचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं, गावठी मासळीला ते लागत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत ढिवर बाया-माणसांनी हेच केलं आहे. बेशरम काढली आणि तिच्या जागी तलावातल्या मूळच्या वनस्पती लावल्या.

मागे एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, “मासळी डोक्यावर घेऊन मी फिरते, भाव मी करते, पण तलावात किती मासळी आहे हे मला कोणी सांगत नाही.” मला हे फार लागलं. हिवाळ्यात टोपलीतली मासळी दुपारपर्यंत टिकते, उन्हाळ्यात बर्फाची लादी विकत घ्यावी लागते, हा हिशोब तिलाच ठाऊक असतो. मग जाळं कधी टाकायचं हे ठरवताना तिला का विचारू नये? मच्छीमार संस्थेची सभासद ती का नसावी?

तर येत्या बैठकीत एवढं करा. गावातला तलाव कोणाच्या ताब्यात आहे, ठेका कोणाकडे आहे आणि संस्थेत बायका किती आहेत, हे विचारून वहीत लिहा. दोघी-दोघींनी पाळी लावून आठवडाभर पहाटे पाळीवर जा, मासे वर येतात का ते बघा. शाल पांघरून जा, बॅटरी न्या. आणि पाळीवरच्या गवतात पाय जपून ठेवा.