गांवांच्या नांवांतील झाडें

दौंड तालुक्यांत हिंगणीगाडा नि हिंगणी बेर्डी अशीं गांवें आहेत. पुष्कळांस तेथें हिंगाचा वास येतो! मला मात्र त्यांत हिंगणाचें झाड दिसतें. हिंगण किंवा हिंगणबेट हें माळावरील कांटेरी झाड. याच्या फळाचा गर फेंसाळतो, म्हणून पूर्वीं त्यानें वस्त्रें धूत. संस्कृतांत हीच इंगुदी. तिचीं फळें फोडून तेलकट झालेले दगड पाहूनच शाकुंतलांतील दुष्यंत आश्रम ओळखतो.

शिरूरकडील बाभुळसराचा अर्थ पोरेंहि सांगतील, कारण बाभूळ अजून बांधावर उभी आहे. हिंगणबेट ओळखणारे थोडे. कधीं दौंडला उतरलांत, तर एखाद्या वृद्ध मेंढपाळास तें दाखवावयास सांगा.