घरातील वडीलधारी माणसे आणि आपले शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून म्हातारपणाविषयी बोलावे, हे काहींना वावगे वाटेल. येथे बोलायचे ते निकालाविषयी, शिष्यवृत्तीविषयी, मुलींच्या शिक्षणाविषयी. परंतु सभागृहात शिरताना मी पाहिले, की मागच्या दोन-तीन रांगांत आजी-आजोबाच बसले आहेत. मुलांचे वडील आखातात, नाहीतर मुंबईला. म्हणून नातवंडांचे बक्षीस पाहायला दादा-दादी आले आहेत. यांपैकी कित्येकांना स्वतःला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. तरी नातवंडांनी शिकावे म्हणून आग्रह धरला तो त्यांनीच. तेव्हा मला आज एकच प्रश्न विचारायचा आहे. ज्यांनी आपल्याला शाळेत घातले, त्यांच्या उपयोगी आपले शिक्षण किती पडते?

हा प्रश्न मला सुचला तो पुस्तकातून नव्हे, तर माझ्याच घरातील एका प्रसंगातून. तो सांगताना मला आनंद होत नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ ठरेल.

माझ्या आईला रक्तदाबाचा विकार होता. मी डॉक्टर मुलगा. दर पंधरवड्याला गावी जाई, दाब मोजी, गोळ्या लिहून देई आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजून परत शहराला येई. एकदा मी तिला लघवी साफ होण्याची नवी गोळी सुरू केली. ती सकाळी घ्यायची असते, तसे मी चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेही होते. पण आईला वाचता येत नव्हते. ती बिचारी जुन्या गोळीबरोबर ही गोळीही रात्रीच घेत राहिली. त्यामुळे तिला रात्री तीन-चार वेळा उठावे लागे. पावसाळ्यातील एका पहाटे दिवे गेलेले असताना ती मागील दारी निघाली, ओल्या पायरीवर घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. पण त्यानंतर ती कधीही आधाराशिवाय शेजारच्या घरापर्यंत चालू शकली नाही. चौदा महिन्यांनी ती आम्हाला सोडून गेली.

इस्पितळात सातवीत शिकणारी माझी पुतणी मला म्हणाली, "चाचा, दादी त्या पायरीवर आधी दोनदा घसरली होती. मला माहीत होतं. पण मला कुणी विचारलंच नाही." तिला वाचता येत होते, ती दादीजवळच झोपत होती, आणि चिठ्ठी मात्र आम्ही तिला कधी दाखवली नव्हती. चूक त्या मुलीची नव्हती, आईचीही नव्हती. ती माझी होती. त्या दिवसापासून मी रुग्णाबरोबर आलेल्या नातवंडाला बाहेर बाकावर बसवून ठेवीत नाही. आत बोलावून त्याच्या हातात चिठ्ठी देतो आणि वाचून दाखवायला सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून पहिली गोष्ट औषधांची. आजच घरी गेल्यावर दादा-दादींच्या, नाना-नानींच्या सर्व गोळ्या एका ताटात काढा. प्रत्येक पाकिटावरची मुदत वाचा. संपली असेल तर ती गोळी बाजूला काढून पालकांना दाखवा. मग वहीच्या एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: गोळीचे नाव, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढा. हे पान प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवा. कित्येकदा दोन डॉक्टर एकच औषध दोन नावांनी देतात आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या रोज घेतल्याने मूत्रपिंडांना अपाय होतो आणि रक्तदाबही वाढतो. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच गोळी आपण घेणे हा निव्वळ अविचार होय. तसेच, बरे वाटू लागले म्हणून दाबाची किंवा मधुमेहाची गोळी मनाने बंद करू नये.

दुसरी गोष्ट पडण्याची. म्हातारपणी माणूस पडतो तो नशिबाने नव्हे; बहुधा अंधार, ओल, उंबरठा आणि घाई या चौघांमुळे पडतो. बिछान्यापासून मोरीपर्यंतची वाट एकदा रात्री स्वतः चालून पाहा. सुटी चटई, दारातली गोणी, आडवी वायर काढून टाका. लहान दिवा रात्रभर लावा; उशाशी विजेरी ठेवा. मोरीत आणि शौचालयात भिंतीला एक भक्कम दांडी बसवून घ्या. घराच्या रंगावर आपण हजारो रुपये खर्च करतो. त्यापुढे या दांडीची किंमत काहीच नाही. आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती, की झोपेतून जाग येताच एकदम उभे राहू नका. आधी उठून बसा, मिनिटभर पाय खाली सोडा, मग उभे राहा. एकदम उठल्याने दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. तहान नाही म्हणून पाणी नाही, असे होऊन उन्हाळ्यात माणूस गळून जातो. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे ते सोडून इतरांनी थोडे थोडे पाणी आठवणीने प्यावे. मीठ दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट भरलेल्या लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. आपल्या कोकणात सुका बोंबील, सुकट, पापड आणि लोणचे यांतूनच ते पोटात जाते, भाजी अळणी ठेवून भागत नाही. दात गेले म्हणून नुसता भात-सार किंवा चहा-बिस्किटांवर राहणे बरे नाही; स्नायू झिजतात. मऊ शिजवलेली डाळ, अंडे, ताजी मासळी, दही, नाचणीची आंबील यांपैकी काही तरी रोज पोटात जावे.

चौथी गोष्ट चालण्याची. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास चालणे वडीलधाऱ्यांनाही हितकारक आहे. एका दमात होत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा करावे. "आता तुम्ही आराम करा" असे म्हणून आपण प्रेमाने त्यांना खाटेवर बसवतो. पण त्यामुळे पायातील बळ जाते. त्यांना बाजारातून कोथिंबीर आणू द्या, तांदूळ निवडू द्या, नातवंडाला शाळेपर्यंत सोडू द्या.

रमजानविषयीही दोन शब्द बोलतो, कारण दरवर्षी त्या महिन्यात मला मधुमेहाचे रुग्ण बेशुद्धावस्थेत पाहावे लागतात. मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून रोजा ठेवावा की नाही आणि औषधाच्या वेळा कशा बदलाव्यात, हे ठरवून घ्यावे. घाम फुटला, हात थरथरू लागले किंवा साखर ७०च्या खाली गेली, तर इफ्तारची वाट न पाहता ताबडतोब काही गोड द्यावे. आजारी माणसाला सवलत आहे हे आपण सर्वजण जाणतो. प्रश्न असतो तो भिडेचा. घरच्यांनी ही भीड मोडावी.

आणि एक गोष्ट तर प्रत्येक मुलाने पाठच करावी. बोलता बोलता तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलेना, किंवा जीभ जड होऊन शब्द फुटेना, तर तो पक्षाघाताचा झटका समजावा. तेल चोळीत, कांदा हुंगवीत बसू नये. त्याच क्षणी १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका बोलवावी आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. झटका किती वाजता आला हे घड्याळात पाहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

आता सार्वजनिक सोयींकडे वळतो. येथे तर शिक्षणाची कसोटीच आहे. कारण सोयी आहेत, पण अर्ज कुणी भरायचा?

७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सोय सुरू झाली असून योजनेतील रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. त्यासाठी आधार कार्डावरील वय बरोबर हवे. ते चुकलेले असेल तर आजारपण येण्याची वाट न पाहता दुरुस्त करून घ्यावे. निराधार आणि अल्प उत्पन्नाच्या ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी राज्यात श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयात होतो. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला आहे. म्हणजे तालुक्याच्या रुग्णालयात जायला भाड्याची सबब उरत नाही.

एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत माहिती, सल्ला आणि छळाच्या तक्रारीत साहाय्य मिळते. आणि मुले जर सांभाळीत नसतील, तर २००७च्या कायद्यानुसार आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. हे शेवटचे वाक्य आपल्यापैकी कुणाच्याही घरात वापरावे लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ज्याला गरज आहे त्याला ते ठाऊक असले पाहिजे.

शेवटी संस्थेला आणि गावोगावच्या जमातींना तीन सूचना करतो. पहिली, शाळेच्या एका वर्गात महिन्यातील एका रविवारी नववी-दहावीच्या मुलांनी ज्येष्ठांचे अर्ज भरून द्यावेत; शिक्षकांनी देखरेख करावी. दुसरी, त्याच दिवशी रक्तदाब आणि साखर मोजण्याची सोय व्हावी; यंत्र फार महाग नाही, आणि मी स्वतः येण्यास तयार आहे. तिसरी, मशिदीच्या वजूखान्यात खडबडीत लादी, धरायला दांडी आणि बसायला पुरेशी उंच बैठक करावी. दिवसातून पाच वेळा आपले वडीलधारे त्या ओल्या जागी वाकतात आणि उठतात.

मित्रांनो, बक्षिसाचा चषक आज तुम्ही घरी न्याल आणि दादीच्या हातात द्याल. तिला त्यावरील अक्षरे वाचता येणार नाहीत, तरी ती तो पदराने पुसून कपाटावर ठेवील. तो ठेवून झाला, की तिच्या उशाखालची औषधाची चिठ्ठी मागून घ्या आणि तिला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या घरात ती वाचली गेली नाही. तुमच्या घरात वाचली जावी, एवढ्यासाठीच मी आज येथे उभा राहिलो.