बिनतारी होडी आणि काठावरची माणसे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कडाव येथे केलेले भाषण)



कडावच्या बाल दिगंबर गणेशास वंदन करून आम्ही चार शब्द बोलण्यास उभे आहोत. मुलांच्या उपयोगी पडेल असे काही सांगा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही विद्वान नव्हे. लहान होड्या करून त्या बिनतारी यंत्राने चालविण्याचा आम्हांस छंद आहे. तेव्हा त्याविषयीच सांगतो.

समुद्र न पाहणाऱ्या कर्जत-खालापुरास होडीचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु राजमाचीच्या परिसरात उगम पावून आपल्या तालुक्यातून वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणच्या खाडीस मिळते. आणि १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवछत्रपतींनी आरमाराची उभारणी आरंभिली ती त्याच खाडीकाठी. बिनतारी होडीचा इतिहासही थोर आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात अशी होडी चालवून दाखविली, तेव्हा प्रेक्षकांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याच्या तीन वर्षे आधी, १८९५ साली, आपल्या जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजविली होती.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हातातील रिमोट आज्ञा देतो. होडीतील रिसिव्हर ती ग्रहण करतो. सर्व्हो नावाची चिमुकली मोटर सुकाणू वळविते, आणि वेगनियंत्रक पंख्याच्या मोटरीस कमीअधिक वीज पुरवितो. या सर्वांस पोसणारी ती बॅटरी.

बॅटरी सर्वांत जड. म्हणून ती तळाशी, मधल्या रेषेवर ठेवावी. प्रथम चिकटवू नये. होडी घरच्या टबात तरंगवावी, नाक बुडते की शेपूट हे पाहावे, बॅटरी मागेपुढे सरकवून तोल साधावा, आणि मगच ती पक्की करावी. पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर जातो तीत ग्रीस भरावे. पाणी आत शिरण्याची मुख्य वाट तीच.

सर्व्हो बसविताना पुष्कळांची घाई होते. आधी रिमोट व मग होडी चालू करावी, सर्व्होस आपल्या मध्यावर येऊ द्यावे, आणि नंतरच त्याचा हात सुकाणूच्या सळईस जोडावा. सुकाणू दोन्ही बाजूंस सुमारे ३५ अंश वळले म्हणजे पुरे. त्याहून अधिक वळविल्यास ते होडीस वळविण्याऐवजी अडविते. बंद करताना क्रम उलटा: आधी होडी, मग रिमोट. हा क्रम चुकला तर आज्ञा देणारा नाही आणि मोटर मात्र जागी, असा प्रसंग ओढवू शकतो.

आता आमची चूक सांगतो. हल्लीचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांस २००५ सालापासून परवानामुक्त आहे. या लहरी हवेतून सहज जातात, पाण्यातून मात्र जवळजवळ जात नाहीत. हे ठाऊक असूनही जागेच्या अडचणीमुळे आम्ही रिसिव्हर तळाशी ठेवला आणि त्याची एरियल पाण्याच्या रेषेखाली गुंडाळली. चाचणी घेतली ती कोरड्या जमिनीवर. ती उत्तम पार पडली. तळ्यात मात्र होडी मध्यावर जाताच आज्ञा पोहोचेना. संदेश तुटल्यास मोटर थांबावी अशी योजना केलेली होती, तीप्रमाणे होडी थांबली.

आम्ही रिमोटची बटणे दाबीत राहिलो. आमचा अकरा वर्षांचा पुतण्या सदरा काढून पाण्यात उतरू लागला, हे आम्ही पाहिलेच नाही. त्यास पोहता येत नव्हते. त्याच्या आईने धावत येऊन त्याचा दंड धरला. ती आम्हांस एक शब्दही बोलली नाही. आमची मान आपोआप खाली गेली. सायंकाळी वारा सुटला आणि होडी आपण होऊन काठास लागली.

तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत. एरियल पाण्याच्या रेषेच्या जितकी वर ठेवता येईल तितकी ठेवावी. रिसिव्हर मोटरीपासून दूर बसवावा. चाचणी पाण्यातच, काठाजवळ घ्यावी. होडी स्थिर तळ्यातच सोडावी, पेज नदीत नव्हे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी त्या नदीस येते, आणि प्रवाह आपणांस विचारून वाढत नाही. होडी अडकलीच तर गळाच्या दोरीस चेंडू बांधून तो तिच्या पलीकडे फेकावा, नाहीतर वाऱ्याची वाट पाहावी. तिच्यामागे पाण्यात कोणीही उतरू नये. होडी पुन्हा करता येते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती करण्याच्या स्पर्धा होतात. आपल्या मुलामुलींनी तिकडे अवश्य वळावे. आपल्या घरांतून परीक्षेच्या गुणांचे कौतुक होते, ते योग्यच आहे. परंतु पान्हा व डाग देण्याची कांडी धरणारा हातही तितकाच सन्मान्य आहे, असे आम्हांस वाटते. पालकांस एवढीच विनंती की, मुलांना सामान आणून द्यावेच. पण होडी पाण्यात सोडताना स्वतःही काठावर उभे राहावे, आणि डोळे होडीवर नव्हे, मुलांवर ठेवावेत.