सही करा आणि मोकळे व्हा

(करमाड इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



करमाड म्हटलं की तुम्हाला इथला बाजार आठवेल, शेंद्र्याची एमआयडीसी आठवेल. बाहेरच्या जगाला मात्र हे नाव कळलं ते ८ मे २०२० ला. बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान पहाटे रुळावर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली आणि १६ जण गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसं जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होती. काम बंद पडलं होतं. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेवर ते रुळानं चालत निघाले. सगळ्या गाड्या बंद आहेत असं समजून थकून तिथंच आडवे झाले. जे वाचले त्यांनी नंतर सांगितलं की आठवडाभर आधी त्यांनी प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला होता. उत्तर आलं नव्हतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या स्क्रीनवर 'पेंडिंग' हा फार निरुपद्रवी शब्द असतो. पिवळा रंग, एक छोटंसं घड्याळ. त्या पिवळ्या रंगामागे एखादा माणूस पायी निघालेला असू शकतो, हे आम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

त्या मजुरांना कुणी काही विचारलंच नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही. पण त्याच उन्हाळ्यात घरापासून तुटलेले आणखी काही लोक होते, आणि त्यांच्यासमोर मात्र घरी जाण्याचा एक रस्ता ठेवला गेला. आज मला त्या रस्त्याबद्दल बोलायचं आहे.

तबलिगी जमातचं प्रकरण तुमच्यातल्या प्रत्येकाला आठवतं. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, तरी मोबाईलवर काय फिरत होतं ते आठवत असेल. भाजीवाल्याला नाव विचारलं जायचं. २ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने ९६० परदेशी नागरिकांचे व्हिसा रद्द करून त्यांना काळ्या यादीत टाकलं. दिल्लीत ९५५ परदेशी लोकांवर आरोपपत्रं दाखल झाली. रमजान गेला, ईद गेली. जुलैमध्ये दिल्लीच्या न्यायालयांत बहुतेकांनी 'प्ली बार्गेनिंग'चा मार्ग धरला, म्हणजे गुन्हा कबूल करायचा, त्या बदल्यात शिक्षा सौम्य. प्रत्यक्षात काही हजार रुपये दंड, आणि देशात परतायची वाट मोकळी.

मी त्या लोकांना दोष देत नाही. परका मुलुख, परकी भाषा, घरी म्हातारे आईबाप वाट बघतायत. आपल्यापैकी किती जण थांबले असते? या मार्गाला कायद्यात जागाही आहे. २००६ पासून सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत तो वापरता येतो. कायद्याने त्यात एक चांगली अटसुद्धा ठेवली आहे. न्यायाधीशांनी आरोपीला एकट्याला, सरकारी पक्ष हजर नसताना विचारायचं, की बाबा, हे तू स्वतःच्या मर्जीनं करतोयस ना? ही अट मला फार आवडते, आणि तिचं दुःखही वाटतं. चार महिने अडकवून ठेवलेल्या माणसाची मर्जी मोजायची कशी?

तर ९५५ पैकी ४४ जण 'नाही' म्हणाले. आम्ही गुन्हा केलेला नाही, खटला चालवा. घरी जाणं लांबलं तरी चालेल.

त्यातल्या आठ जणांविरुद्ध प्रथमदर्शनी काहीच नाही म्हणून न्यायालयाने त्यांना आरोप निश्चित होण्याआधीच सोडलं. उरलेले ३६ जण १५ डिसेंबर २०२० ला निर्दोष सुटले. हे लोक त्या काळात मरकजमध्ये हजर होते, एवढंसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. त्यांना वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेलं असण्याची दाट शक्यता आहे, असं न्यायालयाने लिहिलं. म्हणजे जुलैमध्ये त्यांनी सही केली असती, तर आपण तिथे होतो हे सिद्ध न झालेलं आणि कदाचित खोटं असलेलं वाक्य त्यांच्याच सहीनं खरं झालं असतं.

आता आपल्या घराजवळ या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर गुन्हे नोंदले गेले. सोबत सहा भारतीय, आणि त्यांना मशिदीत आसरा देणारे विश्वस्तही. आपण जिल्ह्यात आल्याची खबर पोलिसांना दिली होती, असं या पाहुण्यांचं म्हणणं. लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद, लॉज बंद, तेव्हा विश्वस्तांनी दार उघडलं. आलेल्या माणसाला रस्त्यावर झोपू दिलं नाही हाच गुन्हा. (त्याच दिवसांत रस्त्यावर आणि रुळावर झोपलेल्यांचं काय झालं ते आत्ताच सांगितलं.) हे लोक औरंगाबाद खंडपीठात गेले. २१ ऑगस्ट २०२० ला न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द केले. न्या. नलावडे यांनी स्पष्ट लिहिलं की साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो आणि या परदेशी लोकांना तसं निवडलं गेलं असण्याची शक्यता आहे. माध्यमांनी केलेल्या अपप्रचारावरही त्यांनी बोट ठेवलं. न्या. सेवलीकर निकालाशी सहमत होते, सगळ्या निरीक्षणांशी नव्हते. हेही आपण सांगायला हवं. आपल्या बाजूचा निकाल आला की अर्धाच वाचायची सवय आपल्यालाही आहे.

आणि घाई नको. दिल्लीत परदेशी पाहुण्यांना आसरा दिल्याबद्दल ७० भारतीयांवर जे खटले होते, ते दिल्ली उच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ ला रद्द केले. पाच वर्षं! या पाच वर्षांत कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा पासपोर्ट अडला असेल, त्याचा हिशोब कुठल्याही निकालपत्रात येत नाही.

एप्रिल २०२० मध्ये आमच्या टीमच्या ग्रुपवर एकाने एक मीम टाकलं. दाढी, टोपी आणि विषाणू, पुढचं तुम्ही ओळखा. मी ते काढायला सांगितलं. वाद वाढला. वरून निरोप आला, दोघांनीही 'सॉरी'चा एक मेल टाका आणि विषय संपवा. मी मेल टाकला. लिहिलं, मी कोणती चूक केली ते कळवा, म्हणजे तिच्याबद्दल माफी मागता येईल. उत्तर अजून यायचं आहे. मीम मात्र त्याच संध्याकाळी निघालं. पुढे दोन-तीन वर्षं काही सहकारी माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. त्या ४४ जणांपुढे ही किंमत काहीच नाही. तरी ती रोज जेवणाच्या सुट्टीत मोजावी लागते, म्हणून सांगितली.

'सही करा आणि मोकळे व्हा' हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात. ठेकेदाराकडे कोऱ्या कागदावर, कॉलेजात माफीनाम्यावर, चौकीत रात्री अकरा वाजता. सांगणारा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो. त्यालाही घरी जायचं असतं. पण डेटाबेसमध्ये काम करणारा माणूस म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. रकान्यात 'गुन्हा कबूल' एवढंच साठवलं जातं. त्या रात्री आईला बरं नव्हतं, खिशात पैसे नव्हते, कुणीतरी 'काही होत नाही' म्हणालं होतं, यासाठी रकानाच नसतो. दहा वर्षांनी पासपोर्टची पडताळणी होते तेव्हा वाचणारा तो एक रकाना वाचतो.

म्हणून काही गोष्टी पाठ करा. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही करण्याची कायद्याने गरज नाही. हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६२ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १८१ मध्ये आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, हे संविधानाचं कलम २०. अटक झाली तर कारण कळण्याचा, वकील भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहण्याचा हक्क, हे कलम २२. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. आत्ताच मोबाईलमध्ये टाका, मी थांबतो.

झालं? आणि हे फक्त आपल्या मुलांसाठी पाठ करू नका. शहडोलहून आलेला मजूर तुमच्या शेजारच्या मशीनवर उभा असतो. त्याचा पास, त्याची पगाराची पावती, त्याचा अर्ज कुठे अडकला आहे हे बघायला त्याला मराठी वाचता येत नसेल, तुम्हाला येतं.

एवढंच बोलायचं होतं. प्ली बार्गेनिंग कधी घ्यावं आणि कधी घेऊ नये, यावर माझ्यापेक्षा नीट बोलू शकतील अशा एक वकील ताई पुढे बसल्या आहेत. प्रश्न त्यांना विचारा. कागद आणले असतील तर तेही दाखवा.