सिंगापूरची खुली बाग

आज ओळख करून घेऊ सिंगापूर बोटॅनिक गार्डन्सची. पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत ही बाग रोज खुली असते आणि प्रवेशासाठी एक पैसाही लागत नाही. तिकीट लागतं ते फक्त आतल्या राष्ट्रीय ऑर्किड उद्यानाला.

१८५९ साली वसलेल्या या बागेत मूळच्या वर्षावनाचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा आजही जपलेला आहे. गजबजलेल्या शहराच्या मधोमध उंचच उंच वृक्ष, वेली आणि नेचे कुणालाही निवांत पाहता येतात.

या बागेनं जगाला मोठी देणगीही दिली. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची रोपं इथं आली. पुढे संचालक हेन्री रिडली यांनी झाडाला इजा न करता, सालीवर बेताचे छेद देऊन पुन्हा पुन्हा चीक काढण्याची पद्धत शोधली. मलायातल्या रबर लागवडीचा पाया तिनं घातला. १९२८ पासून इथं ऑर्किडच्या संकरित जातीही तयार होत आहेत.

२०१५ मध्ये युनेस्कोनं या बागेला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. संशोधनाचं एवढं मोठं केंद्र असूनही तिचं दार सर्वांसाठी उघडं आहे. बाग खुली ठेवली, तर लोक तिच्यावर प्रेम करतात आणि तिला जपतातही. आपल्या गावाची, शहराची उद्यानं आखताना हे जरूर लक्षात ठेवूया.